८७५३९३१९ : एवढ्या मोठ्या संख्येचे गुणधर्म येतात तरी कुठून?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका साधनात ८७५३९३१९ ही संख्या टाकली आणि पानभर यादी मिळाली: विभाजक ६४, विभाजकांची बेरीज १५५९७५६८०, 'न्यून' संख्या, वर्ग नाही, घन नाही, अंकांची बेरीज ४५, द्विमान रूप अमुक, आणि शेवटी 'तीन निरनिराळ्या प्रकारे दोन घनांची बेरीज'. यातलं महत्त्वाचं काय, हे सगळं येतं कुठून, आणि हातानं काढता येतं का, असं तुम्ही विचारलंय. कुणीतरी ही संख्या रामानुजनांच्या १७२९ च्या घरातली आहे असंही सांगितलं, ते कसं, हाही प्रश्न आहे.

यादीतला प्रत्येक मुद्दा सुटा आहे असं वाटायला लागतं, आणि मग पाठ करायचं की सोडून द्यायचं एवढंच हातात उरतं. माझ्या मते तुमची खरी अडचण ही आहे. मी बरीच वर्षं मुलांना संख्या-सिद्धांत शिकवतो आणि मोठ्या संख्यांचे अवयव पाडणं हे माझं रोजचं काम आहे. माझा अनुभव असा, की त्या यादीतल्या बहुतेक ओळी दोनच गोष्टींतून निघतात: छोट्या संख्यांनी भागल्यावर उरणारी बाकी आणि मूळ अवयव. या दोन हाताशी आल्या की उरलेली यादी तुम्ही स्वतः लिहू शकता.

आता कुठल्या गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत तेही सांगतो. संख्या किती अंकी आहे यावर पद्धत ठरते. आठ-दहा अंकी असेल तर वही-पेन्सिल पुरते, पंचवीस-तीस अंकी असेल तर संगणक काही क्षणांत काम करतो, आणि शेकडो अंकी असेल तर ती संख्या कशी तयार झाली हे माहीत असल्याशिवाय कदाचित काहीच हाती लागत नाही. शिवाय तुम्हाला संख्येचं करायचं काय, यावरही कुठला गुणधर्म 'महत्त्वाचा' ते ठरतं. पण तुमची संख्या आठ अंकी आहे, त्यामुळे आपण सगळं हातानंच करू.

आधी यादीतून एक गट बाजूला काढा. ८७५३९३१९ च्या अंकांची बेरीज ४५, ती उलटी वाचली तर वेगळी होते, तिच्यात ९ दोनदा येतो, हे सगळं आपण दशमान पद्धतीत लिहितो म्हणून. हीच संख्या द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, लिहिली तर २७ अंक लागतात, त्यात १९ वेळा १ येतो, आणि 'अंकांची बेरीज ४५' हा गुणधर्म कुठल्या कुठे जातो. याउलट, या संख्येइतके खडे घेतले आणि सात-सातच्या ओळी लावल्या तर एकही खडा उरत नाही, मग ती संख्या तुम्ही कशीही लिहा. मी हाच निकष लावतो: खडे मांडून दाखवता येतं ते संख्येचं, आणि लिहिण्याची पद्धत बदलली की जातं ते लिहिण्याचं. अंकांची बेरीज टाकाऊ आहे असं मात्र समजू नका. १०, १००, १००० या सगळ्यांना ९ नं भागलं की बाकी १ उरते, म्हणून अंकांची बेरीज आपल्याला ९ नं भागल्यावरची बाकी सांगते. तिचा उपयोग तेवढाच, पण तो फार मोलाचा आहे.

मग बाकीकडे वळू. हे सगळ्यांत स्वस्त काम असतं आणि लोक नेमकं तेच करत नाहीत, थेट अवयवांकडे धावतात. शेवटचे तीन अंक बघा: ३१९. कुठल्याही संख्येची ८ नं भागल्यावरची बाकी शेवटच्या तीन अंकांवरूनच ठरते, कारण १००० ला ८ नं पूर्ण भाग जातो. ३१९ मधून ३१२ वजा केले, उरले ७. म्हणजे आपल्या संख्येला ८ नं भागलं तर बाकी ७.

आता कुठल्याही पूर्ण वर्गाला ८ नं भागलं तर बाकी ०, १ किंवा ४ एवढीच येऊ शकते. १, ४, ९, १६, २५, ३६ यांवर करून पाहा. यातल्या कुठल्याही तीन बाक्या घेऊन बेरीज करा. ८ च्या हिशेबात ७ कधीच येत नाही. एका ओळीत आपल्याला कळलं, की ही संख्या वर्ग नाही, दोन वर्गांची बेरीज नाही, आणि तीन वर्गांचीही बेरीज नाही. प्रत्येक धन पूर्णांक जास्तीत जास्त चार वर्गांच्या बेरजेत लिहिता येतो, हे लाग्रांज यांनी १७७० मध्ये सिद्ध केलं. त्यामुळे चार पुरणार याची खात्री आहे, आणि चारांपेक्षा कमीत भागणार नाही हे आपण आत्ताच पाहिलं. मला मिळालेली एक मांडणी अशी:

९३५५² + १५१² + २२² + ३² = ८७५३९३१९

पडताळून बघा: ८७५१६०२५ + २२८०१ + ४८४ + ९. ती शोधताना मी आधी सर्वांत मोठा बसणारा वर्ग ९३५६² वापरून पाहिला. उरले ४५८३, आणि त्यालाही ८ नं भागल्यावर बाकी ७, म्हणजे ते तीन वर्गांत बसणारच नाहीत. म्हणून एक पायरी खाली उतरलो आणि जमलं. बाकी आधी पाहिली नसती तर ४५८३ शी किती वेळ झगडत बसलो असतो.

आता अवयव. अंकांची बेरीज ४५, तेव्हा ९ नं भाग जातो. ८७५३९३१९ ला ९ नं भागलं, आले ९७२६५९१. याच्या अंकांची बेरीज ३९, म्हणजे अजून एकदा ३ नं भाग जातो, पण ९ नं जात नाही. आले ३२४२१९७. अंकांची बेरीज २८, आता ३ संपले.

पुढे ७, ११ आणि १३ एकदम तपासण्याची एक युक्ती मी सगळ्यांना आवर्जून शिकवतो. ७ × ११ × १३ = १००१. म्हणून संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट करायचे आणि आलटून पालटून बेरीज-वजाबाकी करायची. आपल्या मूळ संख्येचे गट ८७, ५३९, ३१९. ३१९ − ५३९ + ८७ = −१३३. चिन्ह सोडून द्या. १३३ म्हणजे ७ × १९. यात ७ आहे, ११ आणि १३ नाहीत. एका वजाबाकीत तीन मूळ संख्यांचा निकाल लागला. (१३३ मध्ये १९ दिसतो म्हणून १९ नंही भाग जाईल असं मात्र नाही, ही कसोटी फक्त या तिघांपुरती आहे. हा घोटाळा दरवर्षी कुणीतरी करतंच.)

३२४२१९७ ला ७ नं भागलं, आले ४६३१७१. पुन्हा ७ नं जात नाही, बाकी २. मग १७ नं बाकी ६, १९ नं बाकी ८, २३ नं बाकी २०, २९ नं बाकी १२, आणि ३१ नं पूर्ण भाग: १४९४१. आता ३१ पुन्हा लावून पाहायचा, बाकी ३०, नाही. ३७, ४१, ४३, ४७, ५३, ५९, ६१, कुणीच नाही. ६७ लावला आणि १४९४१ = ६७ × २२३. २२३ चं वर्गमूळ १५ च्या आत आहे, आणि २, ३, ५, ७, ११, १३ यांपैकी कुणीही त्याला भागत नाही, म्हणून २२३ मूळ आहे. झालं:

८७५३९३१९ = ३³ × ७ × ३१ × ६७ × २२३

इथे क्षणभर थांबून एक गोष्ट बघा, कारण हातानं अवयव पाडायला घाबरणाऱ्यांची भीती इथेच जाते. सुरुवातीला पाहिलं तर ८७५३९३१९ चं वर्गमूळ ९३५६ च्या थोडं पुढे. तिथपर्यंत हजाराहून जास्त मूळ संख्या आहेत, आणि त्या सगळ्या लावून बघायच्या या विचारानंच हात गळतात. पण एक अवयव सापडला की उरलेली संख्या आक्रसते आणि मर्यादाही खाली येते. २७ काढल्यावर मर्यादा १८००, ७ काढल्यावर ६८०, ३१ काढल्यावर १२२, आणि शेवटी १४. प्रत्यक्षात आपल्याला दोन डझनांहून कमी भागाकार करावे लागले. सगळ्याच संख्या इतक्या दयाळू नसतात. उरलेली संख्या दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार असेल तर शेवटपर्यंत चालत जावं लागतं. पण संख्या बघून ते आधी कळत नाही, म्हणून सुरुवात नेहमी लहान मूळ संख्यांपासूनच करावी.

अवयव हाती आले, आता ती यादी आपणच लिहू. विभाजक किती? प्रत्येक विभाजक बनवताना ३ चा घात ०, १, २ किंवा ३ असे चार पर्याय आहेत, आणि बाकी चार मूळ संख्यांपैकी प्रत्येक घ्यायची किंवा सोडायची. ४ × २ × २ × २ × २ = ६४. विभाजकांची बेरीजही अशीच तुकड्यातुकड्यांनी येते: १ + ३ + ९ + २७ = ४०, मग ८, ३२, ६८, २२४, आणि यांचा गुणाकार १५५९७५६८०. यातून ती संख्या स्वतः वजा केली तर राहतात ६८४३६३६१. मूळ संख्येपेक्षा हे कमी आहेत, म्हणून यादीत 'न्यून' लिहिलं होतं. बरोबर तेवढीच बेरीज आली असती तर ती ६, २८, ४९६ यांच्यासारखी परिपूर्ण संख्या ठरली असती. तिच्यापेक्षा लहान आणि तिच्याशी सहमूळ (म्हणजे १ सोडून एकही सामाईक विभाजक नसलेल्या) अशा संख्या किती? तेही गुणाकारानं: १८ × ६ × ३० × ६६ × २२२ = ४७४७२४८०.

आणखी एक मौज. ही संख्या दोन वर्गांची बेरीज होऊच शकत नाही हे आपण पाहिलं, पण दोन वर्गांची वजाबाकी ती ३२ प्रकारे आहे. विषम संख्येचे विभाजक जोड्या-जोड्यांनी घेतले की प्रत्येक जोडीतून एक वजाबाकी मिळते, आणि ६४ विभाजकांच्या ३२ जोड्या होतात. उदाहरणार्थ १४९४१ × ५८५९ ही जोडी. दोघांच्या बेरजेचं अर्ध १०४००, फरकाचं अर्ध ४५४१. म्हणून १०४००² − ४५४१² = ८७५३९३१९. १०८१६०००० मधून २०६२०६८१ वजा करून पाहा.

१ ला या संख्येनं भागलं तर दशांश अपूर्णांक किती अंकांनी आवर्ती होतो, असाही प्रश्न मुलं विचारतात. प्रत्येक अवयवाचा आवर्ती गट वेगळा काढायचा: २७ साठी ३ अंक, ७ साठी ६, ३१ साठी १५, ६७ साठी ३३, २२३ साठी २२२. यांचा लसावि १२२१०. म्हणजे १२२१० अंकांनंतर तोच गट पुन्हा सुरू होतो. हा गुणधर्म मात्र दशमान पद्धतीचा आहे, हे विसरू नका.

आता मुख्य गोष्ट, घनांची. खरं तर या संख्येला नाव मिळालं ते यामुळेच. १७२९ ही दोन धन घनांची बेरीज दोन प्रकारे लिहिता येणारी सर्वांत लहान संख्या, हे रामानुजन आणि हार्डी यांच्या प्रसंगामुळे सगळ्यांना माहीत आहे. तीन प्रकारे लिहिता येणारी सर्वांत लहान संख्या म्हणजे तुमची ८७५३९३१९. ती जॉन लीच यांनी १९५७ मध्ये शोधली. तिच्या तीन मांडण्या:

१६७³ + ४३६³
२२८³ + ४२३³
२५५³ + ४१४³

यादीत एवढंच लिहून सोडून देतात. पण तीनच का? चौथी मांडणी नाही हे कशावरून? याचं उत्तर आपल्याकडच्या अवयवांतच आहे, आणि मला हा भाग फार आवडतो.

शाळेतलं सूत्र आठवा: अ³ + ब³ = (अ + ब)(अ² − अब + ब²). म्हणजे दोन घनांची बेरीज आपली संख्या असेल, तर अ + ब हा तिचा विभाजक असलाच पाहिजे. आपल्याकडे विभाजक ६४ आहेत, तेव्हा अ + ब साठी ६४ च उमेदवार. त्यातून आणखी गाळू. अ + ब चा घन केला तर तो अ³ + ब³ पेक्षा मोठाच येणार, म्हणून अ + ब हे संख्येच्या घनमुळापेक्षा मोठं हवं. ४४४³ = ८७५२८३८४, किंचित कमी पडतं. म्हणून अ + ब किमान ४४५. दुसऱ्या बाजूनं, बेरीज ठरलेली असेल तर घनांची बेरीज सर्वांत कमी तेव्हा येते जेव्हा दोन्ही संख्या सारख्या असतात. त्यावरून अ + ब चा घन आपल्या संख्येच्या चौपटीपेक्षा मोठा असू शकत नाही, आणि अ + ब जास्तीत जास्त ७०४ येतं.

४४५ ते ७०४ या पट्ट्यात आपल्या ६४ विभाजकांपैकी किती आहेत? फक्त चार: ४६९, ६०३, ६५१ आणि ६६९.

आणि त्यातला एक लगेच बाद होतो. कुठल्याही संख्येचा घन आणि ती संख्या यांना ६ नं भागल्यावर बाकी सारखीच येते. आपल्या संख्येला ६ नं भागलं तर बाकी ३, म्हणून अ + ब लाही ६ नं भागल्यावर बाकी ३ च हवी. ४६९ ची बाकी १ येते, तो गेला. राहिले तीन, आणि तिन्ही चालतात. चौथ्याला जागाच नाही.

एक पूर्ण करून दाखवतो. अ + ब = ६०३ घ्या. ८७५३९३१९ ÷ ६०३ = १४५१७३, हे झालं अ² − अब + ब². आता ६०३² = ३६३६०९, आणि त्यातून १४५१७३ वजा केले की उरतं अब ची तिप्पट, म्हणजे २१८४३६. अब = ७२८१२. बेरीज ६०३ आणि गुणाकार ७२८१२ अशा दोन संख्या हव्यात. ३६३६०९ मधून गुणाकाराची चौपट २९१२४८ वजा करा: ७२३६१, आणि हा २६९ चा वर्ग आहे. म्हणून दोन संख्या (६०३ + २६९) ÷ २ = ४३६ आणि (६०३ − २६९) ÷ २ = १६७. ६५१ आणि ६६९ तुम्ही याच रीतीनं करा.

आता त्या तीन बेरजांचे अवयव एकाखाली एक लिहा. ६०३ = ९ × ६७. ६५१ = ३ × ७ × ३१. ६६९ = ३ × २२३. आपल्या संख्येतल्या ३ सोडून उरलेल्या चारही मूळ संख्या या तीन बेरजांत वाटल्या गेल्या आहेत, एकही दोनदा नाही, एकही सुटलेली नाही. मी पहिल्यांदा हे फळ्यावर लिहिलं तेव्हा वर्ग शांत झाला होता, आणि मलाही पुढे बोलायला क्षणभर वेळ लागला. घनांच्या मांडण्या आधी माहीत असत्या, तर अवयव पाडण्याची मेहनतच करावी लागली नसती.

१७२९ वर हेच लावून बघा. १७२९ = ७ × १३ × १९. घनमूळ १२ च्या किंचित पुढे, म्हणून अ + ब किमान १३. चौपट ६९१६, आणि १९³ = ६८५९, म्हणून जास्तीत जास्त १९. १३ ते १९ मध्ये विभाजक दोनच: १३ आणि १९. त्यातून १ + १२ आणि ९ + १० निघतात. बरोबर दोन प्रकार, आणि का ते समोर आहे. ही संख्या १७२९ च्या घरातली आहे असं तुम्हाला ज्यांनी सांगितलं, त्यांच्या म्हणण्याचा गणिती अर्थ हा.

आता एक सावधगिरी, जी मी स्वतः वेळ घालवून शिकलो. एकदा मुलांसाठी पाच प्रकारे लिहिता येणाऱ्या संख्येचा तक्ता करत होतो. ती संख्या ४८९८८६५९२७६९६२४९६, सतरा अंकी. स्प्रेडशीटमध्ये टाकली आणि पुढचा अर्धा दिवस एकही भागाकार जुळेना. सूत्रं तपासली, आकडे पुन्हा टाकले, काही नाही. शेवटी खाना रुंद करून नीट पाहिलं तर तिथे ४८९८८६५९२७६९६२४०० लिहिलेलं होतं. स्प्रेडशीट साधारण पंधरा अंकच अचूक धरते, पुढचे शून्य करून टाकते, आणि सांगतही नाही. खऱ्या संख्येच्या अंकांची बेरीज १०८, ९ नं भाग जातो. बिघडलेल्या संख्येची बेरीज ९३, भाग जात नाही. तेव्हापासून मोठी संख्या कुठेही टाकली की आधी अंकांची बेरीज जुळवून बघतो.

कारण असं, की अशी साधनं संख्या ठरावीक लांबीच्या 'फ्लोटिंग पॉइंट' या द्विमान स्वरूपात ठेवतात, आणि त्यांत ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढे सगळे पूर्णांक अचूक मावत नाहीत. (तो आकडा म्हणजे २ चा ५३ वा घात.) पायथॉनमध्ये पूर्णांकाला अशी मर्यादा नाही, तो वापरा. मात्र भागाकाराला दोन तिरक्या रेघा द्या. एकच दिली तर उत्तर पुन्हा त्याच फ्लोटिंग पॉइंट स्वरूपात जातं आणि मोठ्या संख्येचे शेवटचे अंक बिघडू शकतात.

आणि संख्या खरोखरच प्रचंड असेल तर? तिथे एक भेद लक्षात ठेवावा लागतो. संख्या मूळ आहे की संयुक्त हे ठरवणं आणि तिचे अवयव शोधणं, ही दोन वेगळी कामं आहेत, आणि पहिलं दुसऱ्यापेक्षा कितीतरी सोपं आहे. २ चा ६७ वा घात वजा १, म्हणजे १४७५७३९५२५८९६७६४१२९२७, ही संख्या मूळ नाही हे ल्युका यांनी १८७६ मध्ये दाखवलं होतं, पण अवयव त्यांच्याकडे नव्हते. ते कोल यांनी १९०३ मध्ये जाहीर केले: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. मधली सत्तावीस वर्षं 'संयुक्त आहे' एवढंच माहीत होतं. दिलेली संख्या मूळ आहे का हे खात्रीनं आणि वाजवी वेळात ठरवण्याची सर्व संख्यांना लागू पडणारी रीत अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांनी २००२ मध्ये आयआयटी कानपूरमध्ये दिली. अवयव पाडण्याची तितकी वेगवान रीत नेहमीच्या संगणकांसाठी अजून कुणालाही सापडलेली नाही, आणि आरएसएसारखी सांकेतिक पद्धत त्याच अडचणीवर उभी आहे. आव्हान म्हणून दिलेल्या २५० अंकी आरएसए संख्येचे अवयव २०२० मध्ये निघाले, तेही अनेक संगणकांच्या प्रचंड मेहनतीनंतर. दुसरीकडे, २ चा १३६२७९८४१ वा घात वजा १ ही ४ कोटी १० लाखांहून जास्त अंकांची संख्या मूळ आहे हे २०२४ मध्ये सिद्ध झालं, कारण तिचं रूपच असं आहे की तिच्यासाठी खास कसोटी उपलब्ध आहे. मोठ्या संख्येबद्दल मदत मागताना 'ती कुठून आली' हे आधी सांगा असं मी म्हणतो, ते यासाठी.

तुमच्या संख्येपुरतं पाहिलं तर क्रम असा होता: लिहिण्याशी संबंधित गुणधर्म बाजूला काढले, बाकीवरून वर्गांचा निकाल लावला, अवयव पाडले, आणि विभाजकांपासून घनांपर्यंत सगळं त्यातून काढलं. आता हाताला वळण पडावं म्हणून पुढची संख्या घ्या. चार प्रकारे लिहिता येणारी सर्वांत लहान संख्या ६९६३४७२३०९२४८, तेरा अंकी. अवयव मी देतो, २ चा १० वा घात × ३³ × ७ × १३ × १९ × ३१ × ३७ × १२७. अ + ब हे १९०९६ ते ३०३१२ या पट्ट्यात असलं पाहिजे आणि ६ नं त्याला पूर्ण भाग गेला पाहिजे. इथे उमेदवार बरेच उरतील, त्यामुळे बेरजेच्या वर्गातून गुणाकाराची चौपट वजा केल्यावर पूर्ण वर्ग उरतो का हे प्रत्येकासाठी तपासावं लागेल. पहिला मी सोडवून देतो: २१५०४, त्यातून २४२१³ + १९०८३³. उरलेल्या तीन बेरजा काढा आणि त्यांचेही अवयव एकाखाली एक लिहून बघा.